वहीने तारलेली दीडशे मुले

आपल्या घरातले मूल इंग्रजीत नापास झाले म्हणजे घरात काय होते, हे ह्या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आई दोन दिवस धड जेवत नाही. बाप ओव्हरटाईम करून क्लासची फी भरतो. आणि मूल पुन्हा तेच गाईड उघडून तेच निबंध घोकू लागते. ‘माझी आई’, ‘माझा आवडता खेळाडू’, ‘रेल्वे स्टेशनवरील एक तास’. निबंधातल्या घरापुढे बाग असते. निबंधातले वडील संध्याकाळी आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतात. ज्या मुलाची आई पहाटे पाण्याच्या रांगेत उभी असते आणि ज्याचे वडील रात्रपाळीला गेलेले असतात, ते मूल ही परक्याची आई आणि परक्याचे वडील पाठ करते, परीक्षेत उतरवून काढते आणि विसरून जाते.

आम्ही कारकुनी करून संसार चालवितो आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. अर्ज लिहून घ्यायला निरक्षर आजीबाईच येतात असे नाही, पदवीधर तरुणही येतात. गुणपत्रिका हरवली, दुसरी प्रत मिळावी, एवढी गोष्ट चार ओळींत इंग्रजीत लिहायला त्यांचा हात चालत नाही. त्यांना व्याकरण विचारले तर सांगतात. काळ विचारले तर बाराच्या बारा म्हणून दाखवितात. पण स्वतःच्या मनातले एक वाक्य इंग्रजीत लिही, असे त्यांना शाळेत किंवा कॉलेजात कोणी कधी सांगितलेलेच नसते. मग हात चालणार कसा?

ह्या दुखण्यावर अमेरिकेतील एका हायस्कूलच्या इंग्रजीच्या वर्गात एक इलाज झाला. त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. त्यावर पुस्तक निघाले, चित्रपट निघाला. चित्रपट पाहून लोक डोळे पुसतात आणि घरी जातात. वर्गात प्रत्यक्ष काय केले गेले, कोणत्या क्रमाने केले गेले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. म्हणून आज ती हकिगत सविस्तर सांगण्याचे आम्ही ठरविले आहे.

शहर आणि शाळा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला लाँग बीच नावाचे बंदराचे शहर आहे. अनेक देशांतून आलेले लोक तेथे राहतात. काळे लोक आहेत, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले लोक आहेत, गोरे आहेत. कंबोडियात १९७५ ते १९७९ ह्या काळात ख्मेर रूज राजवटीने जो नरसंहार केला, त्यातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांची अमेरिकेतील सर्वांत मोठी वस्तीही ह्याच शहरात आहे. ह्यातील कित्येक मुलांच्या घरी स्पॅनिश किंवा ख्मेर भाषा बोलली जाई. म्हणजे इंग्रजी ही त्यांचीही शाळेतली भाषा, घरातली नव्हे.

मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग नावाच्या काळ्या माणसाला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रस्त्यावर अमानुष मारले. ते चित्रफितीवर आले, साऱ्या जगाने पाहिले. तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने त्या पोलिसांना निर्दोष सोडले. त्या संध्याकाळी दंगल पेटली आणि काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मेली. लाँग बीचलाही तिची झळ पोहोचली. काळ्या, लॅटिनो आणि आशियाई तरुणांच्या टोळ्या आधीपासूनच होत्या, दंगलीनंतर वैर आणखी वाढले. कोणत्या रंगाचे कपडे घालून कोणत्या गल्लीतून जायचे, ह्यावर जीव अवलंबून राहू लागला.

ह्या शहरात वुड्रो विल्सन हायस्कूल नावाची शाळा आहे. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. तेथे एरिन ग्रुवेल नावाच्या चोविशीतल्या बाई १९९३ मध्ये शिकाऊ शिक्षिका म्हणून आल्या आणि १९९४ पासून नोकरीस लागल्या. नव्या शिक्षिकेला बहुधा कोणालाच नको असलेले वर्ग मिळतात. तसेच झाले. नववीची जी मुले त्यांच्या वाट्याला आली, ती ‘शिकविण्याच्या पलीकडची’ म्हणून शाळेत ओळखली जात. कोणी बालसुधारगृहातून आलेला होता, कोणी व्यसनमुक्ती केंद्रातून. कोणाचा भाऊ तुरुंगात होता, कोणाचा मित्र डोळ्यांदेखत मारला गेला होता. वर्गात काळी मुले एका कोपऱ्यात, लॅटिनो दुसऱ्या कोपऱ्यात, कंबोडियन तिसऱ्या कोपऱ्यात बसत. ही मुले शाळेत टिकणार नाहीत, असेच सर्वजण धरून चालले होते.

एक चित्र आणि एक प्रश्न

बाईंच्या शिकाऊपणाच्या काळातील एक प्रसंग पुढील सगळ्या गोष्टींचे मूळ ठरला. वर्गातल्या एका मुलाने एका काळ्या मुलाचे विकृत चित्र काढले, ओठ भलतेच जाड दाखविलेले. ते चित्र हातोहात फिरू लागले. बाईंच्या हाती ते लागले तेव्हा त्या संतापल्या. जर्मनीत नाझींनी ज्यू लोकांची अशीच मोठ्या नाकाची चित्रे छापली, आधी चित्रे छापली आणि मग माणसे मारली, असे त्यांनी मुलांना सांगितले. मुलांचे चेहरे कोरेच राहिले. नाझींनी ज्यूंचा केलेला संहार ऐकून माहीत आहे असे किती जण, असे त्यांनी विचारले. जवळजवळ कोणालाच माहीत नव्हते. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. तुमच्यापैकी कितीजणांवर गोळी झाडली गेली आहे? जवळजवळ सगळे हात वर झाले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ती शाळेत शिकणारी मुले होती. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, त्या मुलांना त्या वर्षी अभ्यासक्रमातले जुने नाटक आणि व्याकरणाचे तक्ते शिकवायचे होते. बाईंनी ओळखले की ह्या मुलांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सांगण्याचे साधन त्यांच्याजवळ नाही आणि ऐकणारेही कोणी नाही. इंग्रजीचा तास त्याच कामाला लावायचा, असे त्यांनी ठरविले.

आधी वाचन

मुलांना लगेच लिहायला बसविले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आधी त्यांच्या वयाच्या मुलांनी लिहिलेली पुस्तके त्यांच्या हाती दिली. ही मुले नवी पुस्तके खराब करतील, त्यांना चांगली पुस्तके कशाला, असा विरोध झाल्याचे बाईंनी लिहून ठेवले आहे. तेव्हा त्यांनी शिकविण्याखेरीज दुसरी कामे करून पैसा उभा केला आणि कोरी पुस्तके विकत आणली. ज्या मुलांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी टाकून दिलेली, पाने फाटलेली पुस्तके वापरली, त्यांच्या हातात कोरे पुस्तक पडणे ही लहान गोष्ट नव्हे. दादाची जुनी, पट्टीने चिकटविलेली पुस्तके वापरून शिकलेल्यांना तो वास आठवत असेल.

पहिले मोठे पुस्तक अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी. अ‍ॅनला १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, एक वही मिळाली. पुढच्याच महिन्यात तिचे ज्यू कुटुंब अ‍ॅम्स्टरडॅम शहरात एका इमारतीच्या मागील गुप्त भागात लपले. दोन वर्षे ती मुलगी तेथे लिहीत राहिली. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सगळे पकडले गेले आणि १९४५ च्या आरंभी छळछावणीत अ‍ॅन मरण पावली. तिची वही मात्र वाचली. मीप गीस नावाच्या ज्या बाई त्या कुटुंबाला चोरून अन्न पुरवीत, त्यांनी ती पाने जपून ठेवली होती. १९४७ मध्ये ती छापली गेली. मराठीतही ती आली आहे.

दुसरे पुस्तक झ्लाता फिलिपोविच ह्या मुलीचे. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात युद्ध पेटले. सारायेव्हो शहरावर तोफा डागल्या जात असताना अकरा वर्षांची झ्लाता रोजनिशी लिहीत होती. १९९१ ते १९९३ ची ती रोजनिशी छापली गेली. तिसरे पुस्तक एली वीझेल ह्यांचे ‘नाईट’, छळछावणीतून जिवंत आलेल्या मुलाची कहाणी.

लाँग बीचच्या मुलांना ही पुस्तके परकी वाटली नाहीत. एक मुलगी तर अ‍ॅनमध्ये इतकी गुंतली की शेवटी अ‍ॅन मरते हे कळताच तिने पुस्तक भिरकावले आणि बाईंशी भांडली. जी मुलगी आजवर वाचनाला शत्रू समजत होती, ती पुस्तकातल्या मुलीसाठी भांडते, ह्याहून वाचनाची दुसरी परीक्षा कोणती घ्यायची? मुलांनी झ्लाताला पत्रे लिहिली, वर्गणी जमविली आणि १९९६ मध्ये ती खरोखर त्यांना भेटायला आली. वृद्ध मीप गीसही येऊन गेल्या. पुस्तकातली माणसे आपल्यासमोर बसलेली पाहून मुलांच्या मनातली एक गाठ सुटली. पुस्तक लिहिणारी माणसे आपल्यासारखीच असतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

वही कशी चालत असे

मग वह्या आल्या. प्रत्येकाने रोजनिशी लिहायची. वाटेल ते लिहावे, पण खरे लिहावे. आठवणीतले, कालचे, उद्याचे, कसलेही. त्या लिखाणाला गुण नव्हते. लाल शाईने त्यावर रेघोट्या मारल्या जात नव्हत्या.

मुलांनी काय लिहिले? एकाने लिहिले की सुट्टीत घरमालकाने त्यांना बाहेर काढले, सामान रस्त्यावर आले, आता जायला जागा नाही, आणि शाळा सुरू झाल्यावर ह्या वर्गात पाऊल टाकले तेव्हाच घरी आल्यासारखे वाटले. एकाने आपल्याला अक्षरे उलटसुलट दिसतात, म्हणून सगळे आपल्याला मठ्ठ म्हणतात, हे दुःख लिहिले. एका मुलीने आपल्याच टोळीच्या माणसाने केलेल्या गुन्ह्याबद्दल कोर्टात खरे बोलावे की आपल्या माणसांना वाचवावे, ही घालमेल लिहिली. ती खरे बोलली. बापाची दारू, आईला होणारी मारहाण, भावाचा मृत्यू, सारे त्या वह्यांत आले.

पुढे ह्या लिखाणाचे एक पुस्तक करावे असे ठरले. जॉन टू नावाच्या उद्योगपतीने वर्गाला ३५ संगणक दिले. आता नियम बसविले गेले आणि आमच्या मते सगळ्या हकिगतीतला शिकण्यासारखा भाग हाच आहे. पहिला नियम असा की लिखाणावर नाव घालायचे नाही, फक्त क्रमांक घालायचा. लिहिणारा कोण हे उघड होणार नाही म्हणून त्याला खरे लिहिण्याचे धैर्य आले. दुसरा नियम असा की एकाचे लिखाण दुसऱ्याने वाचायचे, तपासायचे आणि सुधारायचे. काळ्या मुलाने लॅटिनो मुलीचे पान तपासले, कंबोडियन मुलीने गोऱ्या मुलाचे.

ह्या दुसऱ्या नियमाने दोन कामे झाली. एक म्हणजे शुद्धलेखनाला पहिल्यांदाच कारण मिळाले. बाई रागावतील म्हणून स्पेलिंग नीट लिहायचे हे कारण मुलांना कधी पटले नव्हते. आपल्या मित्राची खरी गोष्ट लोकांसमोर जाणार आहे, त्यात चूक राहिली तर लोक गोष्ट सोडून चुकीला हसतील, हे कारण मात्र लगेच पटले. तेव्हा ती आपण होऊन शब्दकोश उघडू लागली. एकच पान पुन:पुन्हा लिहिले जाऊ लागले. दुसरे काम असे की ज्याला आपण शत्रू समजत होतो त्याच्याही घरात बाप दारू पितो, त्याचीही आई रडते, हे त्या मुलांनी स्वतः वाचले. जे उपदेशाने कधी झाले नसते ते एकमेकांची पाने तपासताना झाले. वर्गातले कोपरे हळूहळू मोडले.

नाव कोठून आले

मुलांनी आपल्या गटाला ‘फ्रीडम रायटर्स’ म्हणजे ‘स्वातंत्र्याचे लेखक’ असे नाव घेतले. त्यामागे इतिहास आहे. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये आणि बस स्थानकांवर काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसविणे बेकायदेशीर आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४६ आणि १९६० मध्ये सांगितले होते. पण दक्षिणेकडील राज्यांत ते कोणी मानीत नव्हते. कायदा कागदावर आणि रूढी रस्त्यावर, हा प्रकार आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ४ मे १९६१ रोजी सात काळे आणि सहा गोरे असे तेरा जण वॉशिंग्टनहून बसने दक्षिणेकडे निघाले. सोबत बसले, सोबत मार खाल्ला. १४ मे रोजी अलाबामा राज्यात अ‍ॅनिस्टन गावाजवळ त्यांची एक बस जमावाने जाळली. तरी मागून दुसरे आले, तिसरे आले. त्यांना ‘फ्रीडम रायडर्स’ म्हणत. रायडर म्हणजे स्वार आणि रायटर म्हणजे लेखक. त्या स्वारांच्या नावातले एक अक्षर बदलून मुलांनी आपले नाव केले.

१९९७ च्या वसंत ऋतूत ही मुले वॉशिंग्टनला गेली आणि आपल्या रोजनिशीचे हस्तलिखित तेव्हाचे शिक्षणमंत्री रिचर्ड रायली ह्यांच्या हाती दिले. ज्या मुलांना त्यांच्या शाळेनेही हिशेबात धरले नव्हते, त्यांचे लिखाण देशाच्या शिक्षणमंत्र्यासमोर गेले. १९९८ मध्ये ह्या गटातली दीडशेच्या दीडशे मुले हायस्कूलचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. त्यांपैकी पुष्कळजण आपल्या घराण्यातले पहिले पदवीधर होण्यासाठी पुढे कॉलेजात गेले. १९९९ मध्ये ‘द फ्रीडम रायटर्स डायरी’ हे पुस्तक निघाले. त्यात १४२ नोंदी आहेत आणि कोणत्याही नोंदीवर मुलाचे नाव नाही. २००७ मध्ये चित्रपट आला, त्यात बाईंचे काम हिलरी स्वँक ह्या अभिनेत्रीने केले.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे

आपल्या समाजाला भाबडेपणा परवडत नाही. म्हणून ह्या हकिगतीची दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

पहिली गोष्ट, नववी ते बारावी अशी चारही वर्षे तीच शिक्षिका त्याच मुलांना मिळाली. हे सहसा घडत नाही. दुसरी गोष्ट, त्यासाठी बाईंनी शाळेनंतरही कामे केली. ह्याच वर्षांत त्यांचा संसारही मोडला. १९९८ मध्ये मुले बाहेर पडली तेव्हा बाईही ती शाळा सोडून विद्यापीठात शिकवू लागल्या. एका व्यक्तीने स्वतःला झिजवावे तेव्हा दीडशे मुले तरावीत, ही व्यवस्था म्हणता येणार नाही. चांगली पुस्तके, लहान वर्ग आणि धीराचे शिक्षक देणे हे शासनाचे काम आहे. एखाद्या त्यागी बाईंचे उदाहरण दाखवून शासनाला त्यातून मोकळे करता येणार नाही. तिसरी गोष्ट, संगणक, प्रवास, पाहुणे ह्यांसाठी देणगीदारांचा पैसा आला. तो प्रत्येक वर्गाला मिळत नाही.

चौथी गोष्ट धोक्याची आहे. मुले खरे लिहू लागली की त्यात शिव्या येतात, घरातली हिंसा येते, लैंगिक अत्याचारही येतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यात एका शिक्षिकेने हेच पुस्तक वर्गात वाचायला घेतले. पालकांची संमतीपत्रे तिच्याजवळ होती. तरी शाळा मंडळाची परवानगी नव्हती म्हणून तिला दीड वर्ष बिनपगारी निलंबित करण्यात आले. मुलाने खरे सांगितलेले ऐकणे मोठ्या माणसांना जड जाते. हे तेथेही खरे आहे आणि येथेही.

हे सारे मान्य करूनही जे उरते ते मोलाचे आहे. संगणक आणि वॉशिंग्टनचा प्रवास हे सगळे नंतर आले. वही आधी आली. वहीला फारसे पैसे लागत नाहीत.

आपल्याच मातीतली एक वही

येथे एक आठवण देणे भाग आहे, कारण हीच गोष्ट आपल्याकडे फार आधी घडून गेली आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ ह्या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ असा दोन भागांत छापून आला. त्या मुलीला तिच्या शिक्षकांनी बाग आणि आरामखुर्चीवर निबंध लिहायला सांगितला असता, तर आज तिचे नाव कोणाला ठाऊक असते? तिने आपल्या लोकांचे दुःख लिहिले, ते छापले गेले, वाचले गेले, म्हणून जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनंतरही आपण तो निबंध वाचतो. भाषा मराठी असो की इंग्रजी, शाळेतल्या मुलाच्या हातून जिवंत लिखाण कसे होते, ह्याचे उत्तर लाँग बीचच्या आधी पुण्यात मिळालेले आहे.

आपण काय करू शकतो

आमच्या वस्तीतील आणि आपल्या वस्तीतील अभ्यासिकांना हे करता येण्यासारखे आहे. आठवी ते दहावीची दहा मुले-मुली जमली तरी पुरे. इंग्रजी जाणणारा एखादा कॉलेजचा विद्यार्थी असला तर उत्तम.

प्रत्येकाला शंभर पानी वही द्यावी. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटे, अर्धे पान इंग्रजीत लिहावे. शब्द अडला तर तो मराठीत लिहून पुढे जावे, थांबू नये. नंतर शब्दकोशात पाहून भरावा. पहिल्या महिन्यात कोणीही चूक दाखवू नये. मूल बोलू लागते तेव्हा आपण त्याचे उच्चार तपासतो का? बोलू देतो, मग आपोआप सुधारतो. तसेच हे आहे.

महिन्यानंतर ज्याला वाटेल त्याने आपले एक पान निवडावे, नाव न घालता क्रमांक घालून वेगळ्या कागदावर उतरवावे. सर्व कागद मिसळून वाटावेत. ज्याच्या हाती जे पान येईल त्याने ते वाचून खाली दोन ओळी लिहाव्यात. काय आवडले आणि आणखी काय जाणून घ्यावेसे वाटते, एवढेच. मग दोघा-तिघांनी मिळून त्यातली स्पेलिंगे आणि वाक्ये सुधारावीत, पान पुन्हा स्वच्छ लिहून काढावे आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावे. आजकाल मुले मोबाईलवर दिवसभर एकमेकांना लिहीत असतात, त्याचा त्यांना कंटाळा येत नाही. कारण पलीकडे वाचणारा असतो. निबंधाच्या वहीला तो वाचणारा मिळवून द्यायचा, एवढेच हे काम आहे.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. मुलाच्या परवानगीशिवाय त्याचे पान कोणालाही दाखवू नये. आईवडिलांनी वही चोरून वाचू नये. एकदा विश्वास मोडला की मूल पुन्हा खरे लिहीत नाही. आणि एखाद्या मुलाने मारहाण किंवा अत्याचार लिहिला तर ते पान भिंतीवर जाऊ देऊ नये. त्या मुलाशी एकांतात बोलावे, जबाबदार माणसाला सांगावे आणि गरज पडल्यास १०९८ ह्या मुलांसाठीच्या मोफत क्रमांकावर फोन करावा. लिहायला लावणाऱ्याने ऐकण्याची जबाबदारीही घेतलेली असते.

आयाबायांना एक विनंती. आपले मूल अर्धे पान इंग्रजी लिहून आणील तेव्हा आपल्याला ते वाचता येत नाही म्हणून गप्प बसू नका. ‘काय लिहिलंस ते मला सांग,’ असे म्हणा. ते मराठीत सांगेल. सांगता सांगता त्याला कळेल की आपण जे लिहिले त्याला काही अर्थ आहे, कारण आईने ते ऐकले. त्या दिवशी ते मूल उद्याचे पान लिहायला आपण होऊन बसेल.

ह्या उपायाने सगळी मुले पहिल्या वर्गात येतील असे आम्ही म्हणत नाही. परीक्षेसाठी व्याकरण आणि पाठ्यपुस्तक करावेच लागेल, त्याला पर्याय नाही. पण ज्याने वर्षभर स्वतःच्या मनातले शंभर पाने लिहिले आहे, त्याला परीक्षेतला अनोळखी विषय पाहून घाम फुटणार नाही. पुढे नोकरीचा अर्ज, तक्रार, खुलासा लिहिताना त्याला दुसऱ्याच्या दारात जावे लागणार नाही. आणि आपल्या घराची, आपल्या वस्तीची हकिगत आपणच लिहायची असते हे त्याला वेळेवर कळेल. दुसरे लोक ती लिहीत नाहीत, आणि लिहिलीच तर त्यांच्या सोयीची लिहितात.

शाळा जूनमध्ये सुरू होते. अभ्यासिकेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. वर्गणी काढून दहा वह्या आणि एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणावा. सुरुवातीला एवढे पुरे.